निरंक, रिक्त आणि अनुपस्थित

निवृत्तिवेतनाच्या एका जुन्या फाइलवर मी काही महिने काम केलं. प्रत्येक ओळ ठरावीक लांबीची, प्रत्येक रकान्याची जागा मोजून दिलेली. त्यात आठ अक्षरांचा एक रकाना होता, मृत्यूच्या तारखेचा. बहुतेक ओळींत तिथे आठ मोकळ्या जागा होत्या. काही ओळींत आठ शून्यं होती. आणि थोड्या ओळी त्या रकान्यापर्यंत पोचायच्या आधीच संपत होत्या. पहिल्या दिवशी मला तिन्हींचा अर्थ एकच वाटला : तारीख नाही. चौथ्या दिवशी उलगडा झाला. आठ मोकळ्या जागा म्हणजे माणूस हयात आहे. आठ शून्यं म्हणजे माणूस गेला, पण तारीख कागदोपत्री आलेली नाही. अर्धवट ओळ म्हणजे हा रकाना सुरू होण्यापूर्वीची नोंद. एका 'नाही'चे हे तीन अर्थ, आणि त्यांत गल्लत झाली तर कुणाचं तरी पेन्शन बंद पडणार किंवा नको तितकं चालू राहणार.

त्या फाइलपायी मी 'डेटा फॉरमॅट डिस्क्रिप्शन लँग्वेज' या भाषेचं स्पेसिफिकेशन उघडलं. डीएफडीएल हे तिचं रोजचं नाव. तेव्हा ते अडचणीतून सुटण्यासाठी वाचलं. नंतर मात्र पुन्हा पुन्हा वाचत गेलो तो निव्वळ त्यातल्या वाक्यांसाठी. त्या वाचनाबद्दल इथे लिहायचं आहे.

ओपन ग्रिड फोरम या संस्थेनं हे स्पेसिफिकेशन जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केलं. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती आली, फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी एक, आणि २०२४ मध्ये आयएसओनं ते आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलं. या सगळ्या काळात त्याचा क्रमांक १.० च राहिला. म्हणजे नवं काही जोडण्यापेक्षा जे म्हटलं आहे ते नेमकं काय, हे सांगण्यातच बरीच वर्षं गेली. आयबीएमनं एक अंमलबजावणी केली, अपाची डॅफोडिल ही दुसरी मुक्तस्रोत अंमलबजावणी झाली, युरोपीय अंतराळ संस्थेनं उपग्रहांच्या माहितीसाठी आपली वेगळी केली. एकच वाक्य दोन ठिकाणी दोन तऱ्हेनं अमलात आलं, की त्या वाक्यात कुठे फट आहे ते दिसतं. या ग्रंथातली उत्तमातली उत्तम वाक्यं मला अशा फटी बुजवणारी वाटतात.

ही भाषा नवा फॉरमॅट तयार करत नाही. आधीपासून असलेल्या माहितीची मांडणी कशी आहे, एवढंच ती सांगते. कोबोलच्या काळातल्या ठरावीक लांबीच्या नोंदी, स्वल्पविरामांनी तोडलेल्या फाइली, व्यापारी संदेश, रुग्णालयांतले एचएल७ संदेश, बिटाबिटानं बांधलेलं लष्करी दळणवळण, सगळं जसं आहे तसं. एक्सएमएल स्कीमाचा एक भाग घ्यायचा, त्यावर टिपा लिहायच्या : या घटकाची लांबी कशी ओळखायची, इथे विभाजक कोणता, बाइट कोणत्या क्रमानं. मग पार्सर तो स्कीमा वाचतो आणि फाइलीतून माहितीचं झाड उभं करतो; उलट दिशेनं झाडातून फाइलही लिहितो. जुन्या फाइलीला 'तू अशी का आहेस' असं विचारायचं नाही, 'तू कशी आहेस' एवढंच विचारायचं. ही वृत्ती मला फार आवडते.

या वृत्तीमुळेच एक निर्णय झाला आहे, जो पहिल्यांदा वाचताना त्रासदायक वाटतो. या भाषेत गुणधर्मांना डिफॉल्ट नाहीत. बाइटचा क्रम लागणार असेल आणि तो तुम्ही लिहिला नसेल, तर पार्सर 'बहुधा असाच असेल' म्हणून पुढे जात नाही. स्कीमा चूक आहे असं सांगून थांबतो. सुरुवातीला मी यावर चिडलो होतो. एका साध्या फाइलीसाठी दोन पानं गुणधर्म लिहायचे? पण ज्याला दुसऱ्याच्या माहितीचं वर्णन करायचं आहे, त्याला अंदाज करण्याचा अधिकार नाही. मेनफ्रेमवरच्या माणसाला एक गोष्ट गृहीत असते, पीसीवरच्या माणसाला बरोबर तिच्या उलट. ग्रंथाच्या लेखकांनी दोघांचीही बाजू घेतली नाही. लिहा म्हणाले.

आता ज्या भागासाठी मी हा ग्रंथ जवळ ठेवतो, त्याकडे वळतो. नवव्या विभागात एक प्रश्न सोडवला आहे : एखादा घटक जिथे असायला हवा तिथे पार्सर पोचला, तिथे जे दिसतं त्याला काय म्हणायचं? उत्तरात चार रूपं दिली आहेत. इंग्रजी संज्ञा सोडून मी ती मराठीत मांडतो, कारण आपल्या कचेऱ्यांनी त्यांतल्या पहिल्यासाठी एक फार चांगला शब्द केव्हाच घडवून ठेवला आहे : निरंक. सरकारी तक्त्यात एखाद्या गावात अमुक रोगाचा एकही रुग्ण नसेल, तर कारकून रकाना मोकळा सोडत नाही, 'निरंक' लिहितो. मोकळा रकाना म्हणजे माहिती आली नाही. 'निरंक' म्हणजे माहिती आली, आणि ती 'काही नाही' अशी आहे. वरिष्ठ कार्यालयात या दोन्हींचा परिणाम वेगवेगळा होतो. पहिल्याबद्दल स्मरणपत्र जातं, दुसरं बेरजेत धरलं जातं.

तर रूपं अशी : निरंक, रिक्त, सामान्य आणि अनुपस्थित. पार्सरनं तपासायचं तेही याच क्रमानं. स्कीमा लिहिणाऱ्यानं 'हे चिन्ह दिसलं की निरंक समजा' असं सांगितलं असेल, तर आधी ते बघायचं. ते नसेल तर घटक रिक्त आहे का बघायचं. तोही नसेल तर त्यात खरं मूल्य आहे का. आणि यांतलं काहीच लागू पडत नाही, जागेची लांबी शून्य आहे, तर घटक अनुपस्थित.

क्रम वाचताना नजरेतून निसटतो, पण सगळं मर्म त्यातच आहे. शून्य लांबीची जागा या चारांपैकी कुणाचीही असू शकते. स्कीमाकारानं रिकाम्या मजकुरालाच निरंकाचं चिन्ह ठरवलं असेल, तर तीच मोकळी जागा निरंक ठरते आणि रिक्तपर्यंत प्रश्नच पोचत नाही. म्हणजे जागा पाहून अर्थ लागत नाही; आधी कोणता प्रश्न विचारला, यावर तो लागतो. एकाच मोकळ्या जागेवर चार दावेदार असताना कुणाचा हक्क आधी, हे ठरवून दिल्यामुळे दोन वेगळे पार्सर एकाच फाइलीतून एकच झाड उभं करतात.

रिक्त आणि अनुपस्थित यांतला फरक मला सगळ्यात सुंदर वाटतो. समजा, फाइलीत 'फोन:' असा आरंभक आहे आणि त्यापुढे क्रमांक येतो. एका नोंदीत 'फोन:' लिहिलंय आणि पुढे काही नाही. दुसऱ्या नोंदीत 'फोन:' हा शब्दच नाही. पहिल्या नोंदीत रकान्याचं दार आहे, आत माणूस नाही. दुसरीत दारही नाही. रिक्त मूल्याबरोबर आरंभक यावा, समाप्तक यावा, दोन्ही यावेत की एकही नाही, हे सांगायला या भाषेत एक स्वतंत्र गुणधर्म आहे. निरंकासाठी तसाच आणखी एक. इतक्या बारकाईची गरज काय, असं वाटू शकतं. पण पाणिनीच्या व्याकरणात प्रत्यय लोपला तरी त्याला धरून होणारं कार्य होतंच, हे ज्यानं संस्कृतच्या तासाला ऐकलं असेल, त्याला न दिसणाऱ्या गोष्टीची नोंद ठेवण्याचं महत्त्व नव्यानं सांगावं लागणार नाही.

आणि गरज खरोखरच आहे. रुग्णालयांच्या यंत्रणा एकमेकींना एचएल७ च्या दुसऱ्या आवृत्तीचे संदेश पाठवतात, तिथे रकाने उभ्या रेघेनं तोडलेले असतात. दोन रेघा एकमेकींना लागून आल्या, तर अर्थ असा, की या रकान्याबद्दल मी काही सांगत नाही; तुमच्याकडे जे आहे ते राहू द्या. दोन रेघांमध्ये दोन दुहेरी अवतरणचिन्हं आली, म्हणजे |""|, तर अर्थ असा, की तुमच्याकडचं मूल्य पुसून टाका. रुग्णाला असलेल्या ॲलर्जीचा रकाना डोळ्यांसमोर आणा. एक संदेश म्हणतो 'मला माहीत नाही', दुसरा म्हणतो 'नाही, आणि आधीची नोंद काढा'. डीएफडीएलमध्ये पहिलं रूप रिक्त आणि दुसरं निरंक म्हणून लिहिता येतं, आणि झाडात ती वेगळी राहतात. ज्या प्रणालीत दोन्हींना एकच 'नल' मिळतं, तिथे ही चूक कुणाच्या लक्षात येण्याआधीच होऊन गेलेली असते.

माझ्या पेन्शनच्या फाइलीतली आठ शून्यं मला याच भागात सापडली. निरंकाचं चिन्ह ओळखण्याच्या तीन रीती दिल्या आहेत : मजकूर जसाच्या तसा जुळणं, मूल्य अर्थानं जुळणं, आणि सबंध रकाना एकाच अक्षरानं भरलेला असणं. दुसऱ्या रीतीत ० आणि ०० एकच, कारण आकडा एकच. तिसरी मेनफ्रेमच्या जुन्या सवयीतून आली आहे, रकाना शून्यांनी किंवा नवांनी भरून टाकायची. कुणीतरी कधीतरी पंच कार्डावर केलेल्या गोष्टीला या ग्रंथात एक नाव आणि एक जागा मिळाली आहे.

विभाजकांचा भाग मी भरभर सांगतो. तो समजायला सोपा, फक्त विसरायलाही सोपा. धान्याच्या भावांची ओळ घ्या : ४०,३२,,३८,,. मधले दोन स्वल्पविराम सांगतात की तिसऱ्या धान्याचा आज भाव नाही. पण शेवटचे दोन काय सांगतात? पाचवं आणि सहावं धान्य आहे, पण भाव नाही? की लिहिणाऱ्याला थांबायचं भान राहिलं नाही? यासाठी चार धोरणं आहेत : विभाजक कधीच गाळायचे नाहीत; शेवटचे गाळले तरी चालतील, न गाळले तरी चालतील; शेवटचे गाळलेच पाहिजेत, राहिले तर चूक; आणि कुठलेही रिकामे असले तरी गाळता येतील. चौथ्या धोरणात मोजून जागा ओळखता येत नाही, घटकांना स्वतःची ओळख सांगणारं काहीतरी हवं. दुसऱ्या आणि तिसऱ्या धोरणातलं अंतर एकाच शब्दाचं आहे, 'काटेकोर'. लिहिणाऱ्याच्या ढिलाईला जागा ठेवायची की नाही, हे त्या शब्दावर ठरतं.

आता ज्या वाक्याला मी या ग्रंथातलं सर्वांत धाडसी वाक्य मानतो, त्याच्याकडे येतो. पार्सरला अनेकदा पर्याय असतात : ही नोंद जमेची, खर्चाची की शिलकीची? तो एक वाट धरून पाहतो. डेटा जुळला नाही तर प्रक्रिया-चूक होते, तो मागे येतो आणि दुसरी वाट धरतो. इथपर्यंत ठीक. पण समजा, नोंदीच्या सुरुवातीला ०२ आहे, म्हणजे ती खर्चाची आहे यात शंका नाही. फक्त पुढे रकमेच्या रकान्यात कुणीतरी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' टाइप केलाय. पार्सर मागे येतो, शिलकीची वाट धरतो, तीही फसते, आणि शेवटी सांगतो की कुठलाच पर्याय जुळला नाही. खरी चूक एका अक्षराची होती, ती गाडली गेली. आणि नशीब वाईट असेल तर शिलकीची वाट फसतही नाही. खर्चाची रक्कम शिल्लक म्हणून निमूट वाचली जाते.

यावरचा उपाय म्हणजे डिस्क्रिमिनेटर. ही एक अट आहे. ती खरी ठरली की पार्सरनं मान्य करायचं : आपण योग्य वाटेवर आहोत, आता माघार नाही, पुढे जी चूक होईल ती याच वाटेवरची चूक. पण मग एक पेच उभा राहतो. पदावलीच्या रूपातली ही अट घटक वाचून झाल्यावर तपासायची असते. खर्चाची नोंद तर रकमेपाशीच मोडली. मोडलेल्या नोंदीवर अट तपासायची का? सहज बुद्धीला वाटतं, नाही. वाचन फसलं, विषय संपला. ग्रंथ म्हणतो, तपासलीच पाहिजे, आणि तिथे मोठ्या इंग्रजी अक्षरांतला 'मस्ट' वापरतो. कारणही लगेच देतो : पूर्ण वाचन फसलं तरी अट खरी निघू शकते, आणि मग संदिग्धता मिटते.

हे वाक्य कितीदा वाचलं तरी मला ताजं वाटतं. एखादी गोष्ट आहे, हे तिच्या मोडक्या रूपातूनही सिद्ध होऊ शकतं. 'बिघडलेली आहे' आणि 'नाहीच' ही दोन वेगळी विधानं आहेत. ग्रंथात यासाठी दोन पारिभाषिक शब्द आहेत, 'अस्तित्व निश्चित' आणि 'अभाव निश्चित', आणि प्रत्येक घटकाबाबत पार्सरला या दोनपैकी एका निष्कर्षाशी पोचायचं असतं. नुसती चूक झाली म्हणजे अभाव निश्चित झाला, ही पळवाट या एका वाक्यानं बंद केली.

याच्या शेजारी तितकंच आवश्यक असं दुसरं एक बंधन आहे. घटक कितीदा येईल हे आधी माहीत नाही, मिळतील तितके वाचायचे, अशी मुभा भाषेत आहे. पण ज्या घटकाची लांबी शून्य असू शकते, असा घटक मिळतील तितके वाचायला सांगितला तर? पार्सर एक वाचतो, जागचा हलत नाही. दुसरा वाचतो, हलत नाही. चूक कुठेच नाही आणि अंतही नाही. म्हणून नियम आहे की अशा वाचनात पुढे सरकलंच पाहिजे. स्थान बदललं नाही तर थांबा. हा नियम कुणाला सुचला असेल त्या क्षणी त्याच्यासमोर पडद्यावर अडकून पडलेला एक पार्सर असणार, असं मला नेहमी वाटतं.

आपल्या लिपीशी थेट नातं असलेली एक जागाही आहे. लांबी बिटांत, बाइटांत किंवा अक्षरांत मोजता येते. 'अक्षर' म्हणजे इथे युनिकोडमधला एक संकेत. 'सावित्री' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो. युनिकोडच्या हिशेबात तो आठ संकेतांचा आहे : स, काना, व, वेलांटी, त, हलन्त, र आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला तीन बाइट, एकूण २४. आता नावाचा रकाना २० बाइटांचा असेल आणि लिहिणाऱ्या यंत्रानं आंधळेपणानं २० वर कापलं असेल, तर पहिले १८ बाइट 'सावित्' देतात आणि उरलेले दोन बाइट अर्ध्या 'र'चे. त्यांचं काय करायचं? ग्रंथ म्हणतो, वाचताना ते सोडून द्या. लिहिताना अशी अपुरी जागा उरली तर ठरवलेल्या भरण-बाइटनं भरा. म्हणजे या दोन बाइटांपायी वाचन मोडत नाही. पण नाव 'सावित्' झालं, त्याला ही भाषा काही करू शकत नाही. लांबी अक्षरांत मोजा असं लिहिलं तर निदान संकेत तुटत नाही; जोडाक्षर तरीही तुटू शकतं. मराठी नावांच्या फाइली हाताळणाऱ्या प्रत्येकानं रकान्याची रुंदी ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर एकदा करून पाहावा.

हे वाचन सोपं आहे असं मी म्हणणार नाही. नवव्या विभागातल्या एका नियमाचे परिणाम बाराव्यात, चौदाव्यात आणि सोळाव्यात विखुरलेले आहेत, आणि गुणधर्मांचे तक्ते एकामागून एक येतात तेव्हा कोणत्या तक्त्यातलं वाक्य कोणावर मात करतं हे शोधताना संध्याकाळ जाते. उदाहरणं आणखी हवी होती. विशेषतः रिक्त आणि अनुपस्थित यांच्याबाबतीत, जिथे एक चार ओळींचं उदाहरण दोन पानांच्या व्याख्येचं काम करून गेलं असतं. तांत्रिक गद्यात इतका नेमकेपणा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे, आणि तरीही त्यातला निम्मा नेमकेपणा पहिल्या वाचनात हाताला लागत नाही, हा दोषच आहे.

पण तीन चुकांमधलं अंतर त्यात ज्या स्वच्छपणे राखलं आहे, ते पाहून तो दोष मी माफ करतो. वर्णन करणाऱ्याची चूक वेगळी, तिला माघार नाही, तिथेच थांबायचं. माहिती वर्णनाशी जुळत नाही ही चूक वेगळी, तिच्यावर दुसरी वाट धरून पाहता येते. आणि माहिती जुळते पण पटत नाही, वय ९०० लिहिलंय, ही तिसरी. तिनं वाचनाचा मार्ग बदलायचा नाही, फक्त कळवायचं. वय ९०० असलेली नोंद हीसुद्धा नोंद आहे. ती आधी नीट वाचली गेली तरच कुणीतरी ती दुरुस्त करील.

माझ्या फाइलीत शेवटी मी मृत्यूच्या तारखेसाठी दोन पर्याय लिहिले. आठ शून्यांची नोंद निरंक झाली आणि चौकशीच्या यादीत गेली. आठ मोकळ्या जागांची रिक्त राहिली, म्हणजे माणूस हयात. आखूड ओळींत तो घटक अनुपस्थित ठरला, आणि त्या ओळी एकेक करून जुन्या कागदांशी ताडून पाहाव्या लागल्या.

ओपन ग्रिड फोरमनं २०२१ ची आवृत्ती सर्वांना मोफत वाचायला ठेवली आहे. दुसऱ्याच्या फाइली वाचणं हे तुमचं काम असेल, तर ती उतरवून घ्या आणि नववा विभाग आधी वाचा.